बाबांची झोप

मारेगाव,
१२ डिसेंबर

चि. रजत,

आम्ही बरे आहोत. तू पुण्यात बराच असणार, म्हणून विचारत नाही. कापसाची वेचणी सुरू आहे, तुरीला शेंगा धरल्या, थंडी चांगली पडली.

काल तुझा मेसेज पोचला. 'आई, बाबा आठवडाभर मस्त झोपून राह्यले, मले इथं मोबाइलवर दिसते. म्हटलं होतं ना, अ‍ॅपनं फरक पडते.' खाली हसरा चेहरा. फोनवर बोलायला घेतलं की तुझी मीटिंग निघते, म्हणून पत्र लिहिते.

तुझ्या त्या अ‍ॅपचे गुण ऐक. दिवाळीत जाताजाता तू ते बाबांच्या मोबाइलमध्ये टाकून गेलास. त्यातली बाई पुस्तकातलं मराठी बोलते. पहिल्याच दिवशी म्हणाली, बबनरावजी, ही योजना खास तुमच्यासाठी बनवली आहे. खास म्हणजे काय, तर दुपारी पडायचं नाही, चारनंतर चहा नाही, डोळे मिटायला लागल्याशिवाय खाटेवर टेकायचं नाही. दिवसभर वावरात राबून आलेला माणूस, घरात खाट रिकामी असून अंगणात उभा. शेजारच्या हंसाबाईनं विचारलं, "काहून जी भाऊ, वैनीनं हाकलून देलं का?" तू सांगितलंस म्हणून बाबांनी सगळं पाळलं. झोप काही आली नाही. तरी ती बाई रोज सकाळी शाबासकी द्यायची. अशी शाबासकी तर मी कोंबड्यांनाही देत नाही.

मग चिंतेचा धडा आला. मनात जे घोळतं ते संध्याकाळी मोबाइलला सांगायचं. बाबा ओट्यावर बसले आणि म्हणाले, "माह्या पोरीले तिचा नवरा मारते."

मी भाकरी थापत होते. हे वाक्य तोवर या घरात कोणी मोठ्यानं बोललं नव्हतं. मीही नाही.

बाई म्हणाली, या विचाराला पुरावा काय आहे?

"तिच्या दंडावर वळ पाह्यले."

छान, बाई म्हणाली. आता हाच विचार अधिक संतुलित शब्दांत मांडून पाहा.

बाबांनी मोबाइल ओट्यावर पालथा ठेवला. मग मला म्हणाले, "इंदू, हे बाई आपल्या रजतसारखीच बोलते."

ती तर मशीन आहे, तिला माफ आहे. तुझं काय? भाऊबीजेला तुला ओवाळताना अर्पिताची बाही वर सरकली. बाबांनी पाहिलं. तूही पाहिलंस. तू ताटात ओवाळणी टाकलीस आणि जेवायला बसलास. नंतर बाबांनी तुला बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणालास, "झोप होत नाही म्हणून तुमच्या डोक्यात असं येते." आणि लगेच त्यांचा मोबाइल हातात घेतलास. नयन तुझा कॉलेजचा दोस्त, स्थळ तू आणलेलं. दोस्ताला एक प्रश्न विचारायची तुला लाज वाटली. बापाला रोगी ठरवायची वाटली नाही.

बाबा मोबाइलशी बोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही यवतमाळला गाडी बदलून आर्णीला गेलो. तिची सासू म्हणाली, "नयन घरी नाही. त्याले विचारून धाडतो."

बाबा म्हणाले, "विचारायले नाही आलो. पोरीले न्यायले आलो."

अर्पिता आतून ऐकत होती. पिशवी भरायलाही थांबली नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी, पायात चप्पल सरकवून आमच्या मधात येऊन उभी राहिली. परतीच्या बसमध्ये बाबा तिच्या खांद्यावर डोकं टाकून भर दुपारी झोपले, तोंड उघडं. तेव्हापासून ते झोपतात. हा तुझ्या अ‍ॅपचा फरक.

नयननं तुला त्याच दिवशी फोन केला होता. हे त्यानंच बाबांना फोनवर सुनावलं, 'रजतले सगळं सांगितलं आहे' म्हणून. म्हणजे तुला माहीत आहे. तरी तुझ्या मेसेजमध्ये बाबांची झोप आहे, बहिणीचं नावसुद्धा नाही.

तर पुढचं ऐक. अर्पितानं सोमवारी पोलीस ठाण्यात रिपोर्ट दिली. मी सोबत होते. तिथल्या मॅडमनी विचारलं, वळ कोणी पाहिले? तिनं बाबांचं नाव सांगितलं. मग म्हणाली, "माह्या भावानंही पाह्यले. रजत. पुण्याले राह्यते." आणि तुझा नंबर दिला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "त्याचं नाव कायले घेतलं?"

"पाह्यलं त्यानं, आई," ती म्हणाली. "तो काय सांगते ते आता त्याच्यावर."

तुला फोन येईल. जे पाहिलंस तेवढंच सांग, जास्त नको. सांगितलंस तर घरी ये, जेवायला वाढीन. नाही सांगितलंस, तर पुढच्या भाऊबीजेला ती ताट घेऊन तुझ्यापुढे येणार नाही, आणि मी तिला ये म्हणणार नाही.

आशीर्वाद लिहायची जागा सध्या कोरी ठेवते.

अर्पिताची आई,
इंदुमती