दारापासून दारापर्यंत वीस तास

१४ मार्च

प्रिय गुंड्या,

आम्ही बरे आहोत, तूही असशील. खुशाली एवढीच. हे पत्र मी भांडायला घेतलंय.

मामांना तू म्हणालास म्हणे, "दोन दिवस तर प्रवासातच जातात, मी पोचणार कसा होतो?" मामा भोळे, त्यांना पटलं. पण मी वीस वर्षं विमानाची तिकिटं काढून देते. निदान मला तरी ऐकू येईल अशी थाप मारू नकोस. तुझ्या विमानतळापासून आपला विमानतळ नऊ हजार आठशे किलोमीटर. दोन टप्पे मिळून हवेत साडेबारा तास, मध्ये विमान बदलायला तीन. घराला कुलूप लावल्यापासून आईच्या खाटेपर्यंत वीस तास. दोन दिवस कुठून आणलेस?

बुधवारी संध्याकाळी सहाला मी फोन केला. जागा समोर दिसत होती. "आत्ता काढते तिकीट," म्हटलं. तू म्हणालास, "थांब ताई, सोमवारची मीटिंग उरकू दे, मग बघू." जणू आई तारीख पुढे ढकलणार होती.

तिनं विचारलं, "निघाला का गं?" मी हो म्हटलं. तुझ्यासाठी खोटं बोलले. "मग माझी वेणी घाल. त्याला मी आजारी दिसायला नको." घातली. रागानं जरा घट्टच.

गुरुवारी सकाळी नऊला ती गेली.

आता तू हिशेब मांडशीलच, म्हणून मीच सांगते. बुधवारी तू त्याच क्षणी निघाला असतास तरी आपल्या घड्याळानं गुरुवारी दुपारी दोनला पोचला असतास. पाच तास उशिरा. आणि डॉक्टरांनी मला मंगळवारी सकाळीच सांगितलं होतं, "ज्यांना बोलवायचं त्यांना आजच बोलवा."

मी त्या दिवशी तुला बोलावलं नाही. फोन हातात होता.

नऊ वर्षं तिचं अंग पुसलं, औषधं दिली, आणि हाक मारताना तिच्या तोंडी नाव तुझंच यायचं. तू वर्षाकाठी आठ दिवस यायचास आणि मी माझ्याच घरात पाणी आणून देणारी बाई व्हायचे. मंगळवारी दुपारी तिनं मला विचारलं, "तू जेवलीस का?" नऊ वर्षांत पहिल्यांदा. तू तिथं असतास तर विचारलं नसतं. मला आणखी एक दिवस हवा होता, तो मी घेतला. तुझा घेतला.

काल मामांना हे सांगितलं. ते चहा तसाच टाकून गेले.

तू मीटिंग धरून बसलास याचा राग माझा जाणार नाही. मी तुला मंगळवारीच कळवलं नाही याचा राग तूही धर, तो तुझा हक्कच आहे. पण अंतराला दोष देऊ नकोस. त्यानं आपल्या दोघांचं काही वाईट केलेलं नाही.

तुझी अपराधी, आणि तरीही तुला माफ न केलेली,
ताई