चौकोनी कागदावरचा वणवा

लोणावळे, १९ एप्रिल १९३६

प्रिय नथू,

जामिनावर सुटून तू परंदवडीला मामांकडे गेलास असं सरूवहिनींकडून कळलं, म्हणून पत्र तिकडे धाडतोय. रागानं फाडू नकोस रे, आधी वाच. माझं डोकं पार बधिर झालंय.

जंगलखात्यात मी साधा कारकून, पण माझ्या चौकोनी कागदाचं साहेबांना भारी कौतुक. डोंगराच्या नकाशावर चौकोन आखायचे. पेटलेला चौकोन वारा जातो त्या बाजूचा शेजारी पाव तासात पेटवतो, वाऱ्याविरुद्ध तासभर घेतो. आपल्या डोंगरावरचा वणवा किती वाजता कुठे होता हे रखवालदारानं टिपलेलं होतं. तिथून मागे मोजत गेलं की सुरुवातीचा चौकोन सापडतो. मला सापडला तो डोंगराच्या पश्चिमेला, तुझ्या राबाचा. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजताना तुझ्याकडून आग सुटली, असं मीच लिहून दिलं. आकड्यांपुढे मैत्री आणायची नाही ही माझी मिजास! आता त्यावर तुला सहा महिने तुरुंगात घालायला निघालेत.

काल गावी, टाकव्याला गेलो. वहिनींनी पाणी दिलं. खळ्यावर तुझी उपणायची तिवई तशीच उभी आहे. वणव्याच्या सकाळी तू हरभरा उपणत होतास, दुपारी तुला चौकशीला नेलं, तेव्हापासून कुणी हात लावलेला नाही. भुसाचा ढीग पश्चिमेच्या कुडाला लागून पडलाय. पश्चिमेला! म्हणजे सकाळी वारा पूर्वेचा होता. कोकणातला वारा दुपारनंतर वर चढतो हे मावळातलं शेंबडं पोरही सांगेल. आमची आई खळ्यावरून ओरडायची, वारं फिरलं, आवरा बिगीबिगी! आणि मी शहाण्यानं कागदावर दिवसभर तो पश्चिमेचाच वारा वाहवला.

परत येऊन तीनदा मोजलं. वारा पूर्वेचा धरला की तुझ्या राबाची आग डोंगरावर वेळेत पोचतच नाही. सुरुवातीचा चौकोन येतो पूर्वेच्या उतारावर, आणि तिथं एकाच घराची खाचरं आहेत.

नथू, ते घर माझं. आई आजारी, म्हणून त्या सकाळी राब मीच भाजला आणि गाडी गाठायच्या घाईत विझेपर्यंत थांबलो नाही. तुझ्या खळ्यावरून जाताना माझे राखेचे हात बघून तूच हसत म्हणालास, राब भाजलास व्हय रं? मग चौकशीत, आणखी कुणी भाजला होता का असं विचारल्यावर, मला ठावं न्हाई असं का म्हणालास? ते तुझे शब्द मीच लिहून घेत होतो रे. माझा राब पूर्वेला, वारा पश्चिमेचा, म्हणून तो मोजायचा नाही, असं मी तेव्हा धरून चाललो. उद्या दुसरा कागद साहेबांपुढे ठेवणार आहे. नोकरी जाईल, तुझ्या जागी मला नेतील, भीती वाटतेय. तू कुणासाठी गप्प बसलास ते मला कळलं. पण मी चुकून तो वारा धरला, की मला तोच हवा होता, हे कितीही मोजलं तरी कळत नाही.

तुझाच,
महिपती