शुक्रवारची सांब्राणी

तंजावूर, १० जुलै २०२४

ती. राजमअक्का हीस,
वादिराजचा सा. न. रीत म्हणून लिहिला आहे, मनातून नाही.

दुरै गेला. सोमवारी सकाळी पाहतो तो पिंजऱ्याच्या तळाशी आडवा. आदल्या दिवशी मी मदुरैहून डोळ्याचं ऑपरेशन करून आलो, तू हातावर किल्ली ठेवलीस, पोपट जरा पेंगतोय म्हणालीस आणि ओरत्तनाडूची बस धरलीस. पेंगत नव्हता तो, मरत होता. डॉक्टरांनी उघडून पाहिलं, धुरानं फुप्फुसं गेली होती. शेजारच्या सरस्वतीबाई म्हणाल्या की शुक्रवारी तू सांब्राणीचं धुपाटणं घेऊन घरभर फिरलीस. त्याच्या खोलीतसुद्धा!

पाखराला धूर सोसत नाही गं. त्यातून हा आफ्रिकेचा राखी पोपट, कुंभकोणमच्या कुणी हौसेनं आणून, पंख कापून, कंटाळा आल्यावर टाकून दिलेला. नऊ वर्षं सांभाळला मी. असले प्राणी विकत घेऊ नका, हे शाळाशाळांत फिरून मी तासभर ओरडूनही पटत नसे. तो आपला तुटका पंख पसरायचा आणि पोरं गप्प व्हायची. आता काय नेऊ त्यांच्यापुढे? इग्वाना भिंतीकडे तोंड करून बसतो, आणि अजगर पिशवीतून काढला की अर्धा वर्ग बाकावर चढतो.

चार दिवस तीन जीव सांभाळले गेले नाहीत तुझ्याच्यानं. पुन्हा माझा उंबरा चढू नकोस. फोनही करू नकोस, उचलणार नाही.

लोभ आटला आहे, तरी धाकटाच,
वादिराज

ओरत्तनाडू, १३ जुलै

चि. वादिराज यास अ. आ.

उंबरा चढू नकोस म्हणे! हौसेनं आले होते का मी? तुला माणूस मिळेना म्हणून आले. गुडघे धरून त्या सरड्याला पपई चिरून घातली, बिया काढून. अजगराच्या ऊबेचा दिवा दिवसातून तीनदा पाहिला. त्याच्या खाण्याचे ते बर्फातले उंदीर डब्यात पाहिले आणि दोन दिवस माझ्या घशाखाली भात उतरला नाही.

शुक्रवारी सकाळी मी तुला फोन केला होता. विसरलास? पोपटाच्या खोलीला वास मारतोय, काय करू, एवढंच विचारलं. तू खेकसलास की डोळ्याला पट्टी आहे, डोकं खाऊ नकोस, कागदात लिहिलंय तेवढं कर. मग केलं. दोन्ही बाजूंनी लिहिलेला तुझा कागद माझ्यापुढे आहे. डासांसाठी पाच वाजता खिडक्या लाव, असं लिहिलंस, लावल्या. सांब्राणी नको, असं कुठे आहे त्यात? शुक्रवारी तिन्हीसांजेला घरात सांब्राणीचा धूर द्यायचा, हे आईनं केलं, तुझ्या बायकोनं केलं. ती गेली आणि तू धुपाटणं माळ्यावर टाकलंस. ती असताना पोपट मेला नाही तो का? तिनं कधी त्या खोलीत नेलं नाही म्हणून? मग हे तिला ठाऊक होतं, तुला ठाऊक होतं, आणि मला मात्र आपोआप कळायला हवं होतं. वा रे मास्तर!

माझा पाय मोडला तेव्हा तू आला नव्हतास, सरड्याच्या शेपटीला टाके होते म्हणून. ते मी बोलले नव्हते. आता बोलते.

आशीर्वाद आहेतच, ते काही तुझ्या वागण्यावर नाहीत.
राजम

ओरत्तनाडू, २४ जुलै

वादिराज यास,

आज आशीर्वाद नाही.

माझ्या पत्राला उत्तर दिलं नाहीस. उत्तर शाळेत दिलंस. सोमवारी आमच्या नित्याच्या शाळेत जाऊन तू अजगर दाखवलास आणि पोरांना सांगितलंस की पोपट माझ्या अडाणी बहिणीनं मारला, सांब्राणीच्या धुरात कोंडून. दोनशे पोरं, आणि त्यांत सहावीच्या रांगेत बसलेली माझी नात! लाज कशी वाटली नाही तुला?

पोरगी घरी आली ती माझ्याकडे न बघता. देवापुढच्या रोजच्या धुपाटण्यातल्या निखाऱ्यांवर तांब्याभर पाणी ओतलं. दोन दिवस माझ्या हातचं जेवत नाही, आईकडून वाढून घेते. शाळेत तिला पोपट मारणाऱ्या आज्जीची नात म्हणतात. मुलगा-सून दिवसभर कामावर, या घरात माझ्याशी बोलणारं ते एकच माणूस होतं. तेही तू तोडलंस.

जीभ तुझी आहे, तूच सरळ कर. त्याच शाळेत जा, त्याच पोरांपुढे उभा राहा आणि मी फोन केला होता हे सांग. नाहीतर मला भाऊ नाही.

राजम

तंजावूर, २ ऑगस्ट

ती. राजमअक्का हीस सा. न.

सांगून आलो. काल प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापकांना विनंती करून उभा राहिलो. सांगितलं की सूचनांचा कागद मी लिहिला, त्यात धुराचं लिहायला मीच विसरलो. खिडक्या लावायला मी सांगितलं. बहिणीनं फोन करून विचारलं तर तिच्यावर ओरडलो. तिची चूक नाही, माझी आहे. नित्या खाली मान घालून ऐकत होती.

मग मुख्याध्यापकांनी आत बोलावलं, कॉफी दिली आणि शांतपणे म्हणाले की स्वतःच्या घरातला पोपट ज्याला राखता आला नाही, त्याला अजगर घेऊन पोरांत कसं येऊ द्यायचं. या वर्षीचे माझे सगळे कार्यक्रम रद्द. दुसऱ्या दोन शाळांनीही आज तसंच कळवलं. वीस वर्षांचं काम होतं अक्का. इग्वाना आणि अजगर आता नुसते खोलीत बसून खातील, मीही त्यांच्यासारखाच.

हे मी तुझ्यासाठी केलं नाही, खरं होतं म्हणून केलं. तुझा राग माझ्या मनातून गेलेला नाही. झालं का समाधान?

तुझा,
वादिराज

ओरत्तनाडू, ६ ऑगस्ट

चि. वादू यास अ. आ.

नित्या काल माझ्या शेजारी येऊन बसली. माझ्या हातचा सांबारभात खाल्ला, वर पापड मागून घेतला. म्हणाली, वादीताता सगळ्यांपुढे खरं बोलले, आज्जीची काहीच चूक नव्हती. मला मिठी मारली. म्हणून आज हे लिहायला बसले, वादू.

तुला लिहिलं ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. त्या शुक्रवारी मी धुपाटणं घेऊन पोपटाच्या खोलीत शिरले, तेव्हा तो दांडीवरून उतरून कोपऱ्यात गेला. चोच उघडी, शेपूट वरखाली हलत होती. एखादं पोर धापा टाकतं ना, तसं. मी पाहिलं. पण तू सकाळी खेकसला होतास ना, ते माझ्या डोक्यात होतं. बहिणीचा पाय मोडला तर यायला सवड नाही, आणि या पाखरासाठी दोन पानं सूचना! म्हटलं, खा आता जरा धूर. आणखी दोन मुठी सांब्राणी टाकली, पंख्यानं वारा घातला आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. मरेल असं वाटलं नव्हतं, देवाशपथ. पण त्याला त्रास होतोय हे मला कळत होतं.

तुझ्या शाळा माझ्यापायी गेल्या. मुख्याध्यापकांकडे मी उद्या जाते. नित्याला आधी मी सांगू की तू सांगशील, तेवढं मात्र कळव. माझ्यात धीर नाही.

मोठी, पण कसली मोठी,
राजम