झाकलेला जॉइंट

१२ मार्च
बसू सकाळी आठला आला. आयटीआयला शिकवलेल्या पोरांत हा एकच अजून स्वतः खाली बसून पाना धरतो, बाकीचे ठेकेदार झाले. रस्त्यापासून संपाच्या, म्हणजे जमिनीखालच्या टाकीपर्यंतची लोखंडी पाइप सडली होती. ती काढून प्लास्टिकची घातली. दोन पाइप जोडणारं कपलिंग नवं, सुभाष रोडवरून मीच आणलेलं. भिंतीलगतचा वळणावरचा एल्बोही बदलू म्हणाला. तो घर बांधताना मी बसवलाय. म्हटलं, त्याला हात लावायचा नाही.
काम तपासलं. टेप आट्यांच्या दिशेनंच गुंडाळलेली, सोल्युशन ओघळलेलं नाही. दहापैकी आठ. तोंडावर सांगितलं नाही. शेफारतात.

१३ मार्च
परवा लेकीचं, सुजाताचं डोहाळजेवण. मांडव अंगणात आणि अंगणात खड्डा. पाणी यायला अजून चार दिवस. गवंड्याला बोलावून फरशी बसवून घेतली. बसू फोनवर, "सर, नीर बरली, आमेल मुच्चोणरी." पाणी येऊ दे, मग झाकू. म्हटलं, मला शिकवतोस?

१७ मार्च
स. सहाला पाणी आलं, साडेसहाला फरशीच्या सांध्यांतून वर. डोकं फिरलं. बसूला फोनवर वाटेल ते बोललो. दोन वर्षं शिकवलं ते पालथ्या घड्यावर पाणी. "उघडून बघू या की सर," म्हणाला. म्हटलं, तू या घरात पाऊल ठेवायचं नाहीस.
संध्याकाळी कोपऱ्यावर पाटीलअण्णा भेटले. बारा फ्लॅट बांधतायत. नळाचं सगळं काम बसूला देणार होते, माझ्याच शब्दावर. "मग सर, ठरवू का त्याचं?" म्हटलं, हातात सफाई राहिली नाही त्याच्या.

२० मार्च
काम दुसऱ्याला गेलं. अण्णांनी वर माझे आभार मानले, वेळेवर सांगितलंत म्हणून. बरं झालं. चुकारपणा केला की भोगायचंच.
भाजी निवडता निवडता ही म्हणाली, "एकतीस वर्षं पोरांना सांगत होतात, पाणी बघितल्याशिवाय झाकू नका. आणि झाकलं कुणी?"
ताटावरून उठलो. घरात सगळ्यांनाच प्लंबिंग कळायला लागलंय.

२२ मार्च
फरशी मीच उचलली. पहार, घमेलं, कंबर गेली. गवंड्याला बोलवायचं नव्हतं, चार लोकांत कशाला. खाली नुसता चिखल, त्यात कुणाचा जॉइंट गळतो ते काय कळणार. सगळं पुसून कोरडं केलं. पाणी उद्या. आतून पक्कं माहीत आहे, कपलिंगच असणार. तेच असू दे.

२३ मार्च
स. ६.१० ला पाणी. खड्ड्यात उतरून बसूच्या कपलिंगवर वर्तमानपत्राचा तुकडा दाबून धरला. कोरडा. दुसरं टोक, तेही कोरडं. एल्बोतून धार. माझ्या एल्बोतून.
हिला म्हटलं, बसूच्या पान्यानं हलला असेल. "तो बदलतो म्हणत होता," एवढंच बोलली आणि आत गेली.
लाज वाटते. आणि बसूचा अजून राग येतोय, इतकं बोललो तर एकदा तरी उलट बोलायचं होतं.
आठला अण्णांकडे गेलो. सगळं सांगितलं. म्हणाले, "दुसऱ्याचं सामान साइटवर उतरलं सर. आता त्याला काय सांगू?" चहा दिला. प्यायलो नाही.
घरी येऊन, खड्ड्याच्या काठावर उभं राहूनच बसूला फोन लावला. घेणार नाही वाटलं होतं. लगेच घेतला. "हेळ्री सर." नेहमीचाच आवाज. बोला सर.
म्हटलं, पाणी आलं.
एल्बोतली धार खाली पडत होती, त्याला ऐकू गेली असेल.