खंडेनवमीचा हिरवा दिवा

मंगळवार, संध्याकाळ. जाफराबाद.

राग काही उतरून न्हाई राह्यला. दसऱ्याची सुट्टी संपून आज सकाळपासून जिनिंगच्या वजनकाट्यावर कापसाच्या गाड्या खोळंबल्या, कारण काट्यावरचं वजन ऑफिसातल्या कम्प्युटरवर येतच न्हाई. आणि मॅनेजर सगळ्यांदेखत नेटवर्क सांभाळणाऱ्या माझ्यावरच ओरडले, "नेटवर्क स्विचचा दिवा तर हिरवा आहे!"

हिरवा म्हणे! परवा खंडेनवमीला काटा ऑफिसाला जोडणाऱ्या या स्विचच्या डब्याला हार घालताना यांनीच केबल ओढली. ऑफिसातून काट्याकडे सिग्नल येई, पण काट्यावरून ऑफिसाकडे जाईना. असं झालं की पोर्ट, म्हंजी केबल लावायची खाच, आपोआप बंद व्हावा, ही सेटिंग मीच केल्ती, आणि तो बराबर बंद झाला, दिवाही विझला. तर यांचं, "पूजेत दिवा विझला? अपशकुन! जल्दी लावा."

केबल न बघता मी सेटिंगच काढून टाकली. हिरवा दिवा लागला. स्विच खरं सांगत होता, त्याचं तोंड मी दाबलं. वर प्रसादाचा पेढाही खाल्ला.