तीन चाकांवर नाक्यापर्यंत

बाबा, वाकड्या चाकाचा आऊट काढायला मी चालत होते, पण चाकावर बसायला चालत नव्हते. चौथीतून मला काढलीत ती एवढ्यासाठी, की माझी बोटं बारीक, तारांमधून जातात. हातखंब्याच्या नाक्यावर तुमच्या दुकानात आठ वर्षं मी गावातल्या सगळ्या बाप्यांच्या सायकली सरळ करून दिल्या. एकदा चेन नीट बसली का बघायला म्हणून पायडलवर पाय टाकला, तर भर गिऱ्हाइकात म्हणालात, "उतर खाली. पोरीच्या जातीला शोभत नाही." काळे हात तेवढे शोभत होते. हे आधी सांगून टाकलं, आता खुशाली विचारायला मोकळी. कसे आहात? मेलेल्याला काय होणार म्हणा.

मी बरी आहे, डावा घोटा सोडून. गेल्या साली शेवाळावरून घसरले, आत सळई घातली. घरात फिरते, पण नाका दीड मैल, तेवढं चालवत नाही. गणपतीला मुलगा मुंबईहून आला आणि माझं सामान बांधायला काढलं. त्याचं घर चौदाव्या मजल्यावर. तिथे मी काय करू, कबुतरं राखू? नाहीच म्हटलं. दोन दिवस भांडलो. शेवटी म्हणाला, "आई, दिवाळीपर्यंत कुणाचा हात न धरता नाक्यावर जाऊन परत येऊन दाखव. मग मुंबईचं नाव काढणार नाही." मी म्हटलं, लिहून दे. लिहून दिलं नाही, पण बायकोसमोर बोललाय, म्हणजे लिहिल्यासारखंच.

रस्ता रुंद झाला त्यात तुमचं दुकान गेलं. तीन जुन्या फ्रेमी मात्र मी आणून पडवीत टांगल्या होत्या, त्या खाली काढल्या. अंगणात खडूने आखलं. दोन चाकं पुढे, एक मागे, मध्ये बैठक, जमिनीपासून वीतभर उंच. पाय पुढे पसरून पायडल मारायचं. पडले तर पाटावरून पडल्याएवढीच पडेन. नाक्यावर खिडक्यांच्या जाळ्या करणारा वेल्डर आहे, त्याला निरोप धाडला. आखणी बघून तो म्हणाला, "काकी, ह्यात झोपून गोव्याला निघालात काय?" मी म्हटलं, तू जोड नीट मार, गोवा माझं मी बघते. त्याने पुढचा आडवा पाइप दोनदा वाकडा जोडला, मी दोनदा कापायला लावला. तुम्ही सुतळी धरून बघायचात तशी मी बघते, आणि त्याला वाटतं म्हातारीला दिसत नाही. एक चेन पुरेना म्हणून अडीच चेनी जोडल्या. बसायला मोडक्या खुर्चीची नायलॉनची पट्टी विणली. ट्रकवाल्यांना एवढं खालचं दिसायचं कसं, म्हणून मागे काठी आणि काठीला लाल परकराचा तुकडा.

दसऱ्याला गाडी तयार झाली आणि तिथेच मी माती खाल्ली. खंडेनवमीला तुम्ही सगळी हत्यारं, सगळ्या सायकली धुऊन खोबरेल चोळायचात, खारं वारं लोखंड खातं म्हणून. माझ्या हाताला तीच सवय. फ्रेम पुसली, चाकं धरणारे चिमटे पुसले, आणि त्याच तेलकट फडक्याने तिन्ही रिमाही चकचकीत केल्या. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि निघाले. उतारावर ब्रेक दाबते तर रबर नुसतं सरकतंय. तुम्ही रिमा सोडून तेल चोळायचात, हे मला कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यावर आदळल्यावर आठवलं. कोपर सोललं. पुढचं एक चाक वाकून आठ झालं. शेजारच्या जाऊबाईने गाडीवरचं कुंकू वाळायच्या आधी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, झालं ना आता समाधान, बांध सामान. मी म्हटलं, कुत्रं आडवं आलं. कुत्रं कुठचं यायला? पण दिवाळी अजून बाकी होती.

रिमा रॉकेलने पुसल्या, वर चुलीतली राख चोळली. मग त्या चाकाशी चार दिवस बसले. बोटं आता जाड झालीत, तारांत अडकतात. पण कान शाबूत आहे. तुम्ही स्टुलावर बसलेले आहात, गालात तंबाखू, नखाने एकेक तार वाजवताय आणि मला म्हणताय, ऐक, ही रडते, हिला आवळ. मी ऐकते, आवळते. चौथ्या दिवशी चाक फिरवलं तर चिमट्याला कुठेच लागेना.

काल गेले. उतारावर ब्रेक लागला. नाक्यावर पोचले तेव्हा वेल्डर दुकानाबाहेर आला, स्वतःच्या हातातला चहा माझ्यापुढे केला. परतीचा चढ मेला जीव काढतो. चारदा थांबले, उतरले नाही. घरी येऊन मुलाला फोन केला. गेले, आले, म्हटलं. मग विचारतो, "ब्रेक नीट लागतो ना?" लागतो म्हटलं. मुंबईचं नाव काढलं नाही.

चौथ्यांदा थांबले ती जागा आईची; गावातच दिलीत मला, तेव्हा चढ तोच. रोज दुपारी तुमचं जेवण डोक्यावर घेऊन ती दीड मैल उतरायची, रिकामी भांडी घेऊन चढायची, आणि चढाच्या मध्यावर तिथे टेकायची. दुकानात वीस सायकली उभ्या. तुम्ही एकदा तरी म्हणालात तिला, बसतेस काय, मागे बस, सोडतो? मीही विचारलं नाही. तुमच्यावर राग धरण्यात माझा जन्म गेला, आणि ती चालते ते तिला आवडतं असंच मी धरून चालले.

हे पत्र पेटीत पडायचं नाही, कांद्याच्या टोपलीखाली राहील. तरी तुम्ही दोघं आहात तिथे कसं का होईना पोचलं, तर तिला वाचून दाखवा, तिला अक्षर येत नव्हतं. पाय दुखायचे काय तुझे, एवढंच मला विचारायचंय. उत्तर तिने द्यायचं. तुम्ही मध्ये बोलायचं नाही.