गंगव्वाची मुलाखत

६ जानेवारी १९८६
पीएच.डी.चा विषय पक्का: 'व्हिडिओ गेम आणि समाज: जपान, अमेरिका, कोल्हापूर.' जपान-अमेरिका लायब्ररीतल्या मासिकांवरून झाल्यातच जमा. उरलं फक्त कोल्हापूर. फेब्रुवारीत मसुदा, जूनमध्ये कॉलेजात रीडरपदी बढती.

९ जानेवारी, दुपारी ४
शाहूपुरीत अल्लाउद्दीनच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये प्रश्नावली वाटली. चाळीस प्रश्न. मंडळींनी त्यावर भजी घेऊन खाल्ली. अल्लाउद्दीन म्हणाला, "सर, एक डाव खेळा की, मग बोलतील." ठाम नकार दिला. संशोधकानं अलिप्त राहावं.

१७ जानेवारी
खेळलो. अर्थात अभ्यास म्हणून. पहिल्याच मिनिटाला माझं विमान फुटलं. मशीनचा दांडा सैल आहे.

२० जानेवारी
दांडा सैल नाही. गंगव्वा नावाची भाजीवाली रोज पाटी रिकामी झाली की येते आणि त्याच मशीनवर एका डावात अर्धा तास काढते. मागं गर्दी ओरडत असते. ही तोंडातून शब्द काढत नाही. माझा सिद्धांत असा: जपानी गप्प खेळतो, अमेरिकन एकटा खेळतो, कोल्हापूरकर ओरडून खेळतो. तेव्हा बाई अपवाद. वगळली. तळटीप दिली.

२९ जानेवारी
आजपासून पार्लरला जाणं बंद. फक्त लेखन.

३० जानेवारी
पडताळणीसाठी पार्लरला गेलो. तीन तास.

२२ फेब्रुवारी
पुण्याहून गाइड सरांनी मसुदा परत पाठवला. जपान खोडलाय. अमेरिका खोडलीय. कोल्हापूरही बहुतेक गेलंच. फक्त तळटीपेभोवती लाल गोल, शेजारी शेरा: "हिच्याशी बोललात का? बोला. नाहीतर नोंदणी रद्द." सर अलीकडे फार थकलेत. त्यांच्या समाधानासाठी जाऊन येतो.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळी
मुलाखत झाली. दणदणीत यश! सुरुवातीला गंगव्वा म्हणाली, "मला काय इचारतासा? दिसभर वरडून भाजी इकते. हितं गप ऱ्हायला मिळतंय, म्हून येते." एवढं टिपून घेतलं. मग तिनं मला बाकावर बसवलं, चहा मागवला. दीड तास गप्पा. एकोणीस पानं भरली. बाईला बोलतं करणं सोपं नव्हतं, पण जमलं.

२५ फेब्रुवारी
पानं उतरवून काढायला बसलो. पहिल्या तीन ओळी सोडल्या तर गंगव्वाच्या तोंडी फक्त प्रश्न आहेत. "सर, तुमी हितं रोज का येतासा?" "घरात कोण बोलत न्हाय व्हय?" "वर्गात तरी पोरं ऐकत्यात का तुमचं?"
उत्तरं सविस्तर आहेत. सगळी माझी.